पाहुणे येऊन गेले, भाडं राहिलं

पत्र : मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात मी चार वर्षांपासून सहाय्यक प्राध्यापक आहे. यंदा अतिथी व्याख्यानांचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वर्षाची तरतूद ३०,००० रुपये. गेल्या वर्षी त्यातले निम्मे फ्लेक्स, स्मृतिचिन्हं आणि जेवणावर गेले. नामवंत अर्थतज्ज्ञांना मेल पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही. पुण्याहून एक संशोधक बाई येऊन गेल्या, त्यांचे प्रवासाचे ४,२०० रुपये अकरा महिने झाले तरी निघालेले नाहीत. त्यांचा फोन आला की मला घाम फुटतो. विभागप्रमुख म्हणतात, नाव मोठं आणा, नॅकच्या (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फायलीला फोटो लागतात. बाहेरून निधी मिळवण्याचे काही मार्ग आहेत का? की हे काम कुणावर तरी ढकलून मोकळी होऊ? – एक धास्तावलेली प्राध्यापिका

मॅडम,

काम ढकलू नका. तुम्हाला घाम फुटतो, म्हणजे ते योग्य माणसाकडे आलंय. ज्यांना फुटत नाही अशांनीच आजवर ते केलं, म्हणून तर ही अवस्था.

निधी, मोठी नावं, नॅक हे सगळं बाजूला ठेवू. आधी त्या पुण्याच्या बाईंचे ४,२०० रुपये. अकरा महिने म्हणजे मधे ३१ मार्च होऊन गेला. वर्ष उलटलं की त्या वर्षाच्या तरतुदीतून बिल निघत नाही. मागील वर्षाचं देयक म्हणून नवी टिपणी लागते, तिला पुन्हा मान्यता लागते, आणि ही टिपणी आपण लिहायची आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. फाइल हरवलेली नसते. ती एखाद्या टेबलावर ‘त्रुटी पूर्तता करावी’ असा शेरा अंगावर घेऊन पडून असते आणि ती त्रुटी बहुतेक वेळा एवढीशी असते : तिकिटाची प्रत नाही, बँक खात्याचा तपशील नाही, किंवा व्याख्यानाची मान्यता तारखेनंतर घेतलेली. सोमवारी स्वतः लेखा विभागात जा. शिपायाला पाठवू नका. जावक नोंदवहीतला क्रमांक घेऊन जा, कुठलं टेबल ते शोधा, त्रुटी काय ते उतरवून घ्या. मग बाईंना फोन करा आणि आहे ते सांगा : फाइल इथे अडली होती, हा कागद हवा आहे, मी स्वतः लक्ष घातलंय. थकलेल्या पैशापेक्षा माणसाला न उचललेला फोन जास्त लागतो.

खिशातून देऊन टाकावेत असं वाटेल. मी दोनदा दिले. तिसऱ्या वेळेपर्यंत विभागात ‘सर देतात’ अशी प्रथाच पडली, आणि ती मोडताना मी कंजूष ठरलो.

या प्रकरणातून एक नियम काढा : पाहुण्याला खिशात हात घालायची वेळच येऊ द्यायची नाही. तिकीट विभागाने काढायचं. त्यासाठी अग्रिम म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, आणि त्यासाठी व्याख्यानाच्या महिनाभर आधी टिपणी टाकायची. तिच्यात नाव, विषय, तारीख, प्रवासाचा वर्ग, मुक्काम, मानधनाचा आकडा आणि लेखाशीर्ष (खर्च कुठल्या सदरात पडणार ते) असं सगळं एकाच कागदावर हवं. नंतर ‘कार्योत्तर मान्यता’ मागत फिरण्यासारखं केविलवाणं काम विद्यापीठात दुसरं नाही. पाहुणे आले की चहाबरोबरच पावतीवर सही घ्यायची. लाजायचं कारण नाही, नंतर टपालाने पावती मागवणं जास्त लाजिरवाणं. रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा; पाकिटात दोन-चार ठेवाच, ऐन वेळी अख्ख्या इमारतीत एक सापडत नाही. पॅनही मागून ठेवा. व्यावसायिक शुल्कावरच्या करकपातीची वार्षिक मर्यादा एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० झाली आहे, त्यामुळे तुमच्या मानधनाला तिची झळ लागायची नाही. पण लेखा विभाग पॅनवाचून फाइल पुढे सरकवत नाही. अग्रिमाचा हिशेब आठवड्याच्या आत टाका, नाहीतर पुढच्या पाहुण्याच्या वेळी ‘आधीचं समायोजन बाकी’ म्हणून तुमचीच वाट अडेल.

हे सगळं रुक्ष वाटेल. पण चांगले वक्ते एकमेकांशी बोलतात. अमुक ठिकाणी गेलो, तिकीट आधी आलं, मानधन महिन्यात जमा झालं, ही बातमी तुमच्या फ्लेक्सपेक्षा लांब जाते. उलटी बातमी तर त्याहून लांब जाते.

आता ३०,००० रुपयांचं. गेल्या वर्षी किती पाहुणे आले ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण साधारण चित्र मला दिसतं. पाहुणे सकाळी आले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग परिचय. त्यात पाहुण्यांचे किती शोधनिबंध, किती पुरस्कार, किती समित्या. मग पाऊण तास व्याख्यान, अध्यक्षीय समारोप, आभार. शंकांना वेळ नाही, कारण जेवण थंड होतंय. जेवायला प्राध्यापक आणि अधिकारी. मुलं होस्टेलच्या मेसमध्ये. चारच्या गाडीने पाहुणे परत. एवढ्या लांबून माणूस आणला आणि एम.ए.च्या एकाही मुलाचं त्याच्याशी दोन वाक्यं बोलणं झालं नाही. असे पाच पाहुणे बोलावण्यापेक्षा वर्षाला दोनच बोलवा, पण दोन-दोन दिवस ठेवून घ्या.

देवगिरी एक्स्प्रेसने थ्री-एसीचं जाणं-येणं, अतिथिगृहात दोन रात्री, दोन दिवसांचं बरं मानधन, रिक्षा आणि चहापाणी असं धरलं तर माझ्या अंदाजाने एकाला दहा-बारा हजारांत बसवता येतं. उरलेल्या सहा ते दहा हजारांत जिल्ह्यातले तीन-चार जण बोलवा. त्यांच्याकडे पुन्हा येतो. स्मृतिचिन्ह बंद करा. ते ज्यांना मिळतं त्यांच्या घरी एक कपाट अशाच चिन्हांनी भरलेलं असतं, माझ्याही आहे. पुस्तक द्या, किंवा काहीच देऊ नका आणि तेवढे पैसे मानधनात घाला.

दोन दिवसांचं काय करायचं? पहिल्या दिवशी दुपारी व्याख्यान, सगळ्यांसाठी खुलं. परिचय दोन मिनिटांत, तोही एखाद्या विद्यार्थिनीने करून द्यायचा. संध्याकाळी पीएच.डी.च्या मुलांनी आपापलं काम दहा-दहा मिनिटांत सांगायचं आणि पाहुण्याने ऐकायचं. खरं सांगायचं तर भेटीतला सर्वांत मोलाचा तास हाच. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नेमका वर्ग, तुमच्याच अभ्यासक्रमातल्या एका घटकावर. पाहुणा यायच्या आठवडाभर आधी त्याचा एक लेख वर्गात वाचून घ्या आणि मुलांकडून प्रश्न लिहून घ्या. नाहीतर ‘कुणाला काही शंका?’ या वाक्यानंतरची ती शांतता तुम्हाला ठाऊक आहेच. जेवण मुलांबरोबर मेसमध्ये. वक्त्यांना ते आवडतं. न आवडणारा वक्ता पुढच्या वर्षी बोलवू नका.

गोव्यात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून दाखवली आहे. गोवा विद्यापीठात दा. ध. कोसंबी, मारिओ मिरांडा, बाकीबाब बोरकर अशा नावांची अभ्यागत अध्यासनं, म्हणजे पाहुण्या प्राध्यापकांसाठीची पदं आहेत, त्यांना राज्य सरकारचं पाठबळ आहे. त्यांवर येणारी मंडळी काही दिवस राहून चक्क अभ्यासक्रम शिकवतात, आणि वर्गात बाहेरच्या नागरिकांनाही बसता येतं. तुमच्याकडे अध्यासन नाही, दोन दिवस आहेत. पण कल्पना तीच.

मोठ्या नावांनी उत्तर दिलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुमचा मेल मी पाहिला नाही, तरी त्यातलं पहिलं वाक्य सांगू शकतो : ‘आपण आपल्या व्यग्र दिनक्रमातून अमूल्य वेळ काढून…’ असं पत्र त्यांना रोज येतं. त्याऐवजी हे लिहून बघा : ‘मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शेतीचं अर्थशास्त्र शिकवते. सोयाबीनच्या भावांवरचा तुमचा लेख आम्ही वर्गात वाचला. अडतीच्या हिशेबाबद्दल एका मुलाने शंका काढली, ती मला सोडवता आली नाही. त्याचे वडील लातूरच्या बाजारात माल आणतात. तुम्ही दोन दिवस आलात तर…’ आणि लगेच खाली व्यवहार : दोन पर्यायी तारखा, तिकीट आम्ही काढू, मुक्काम कुठे, मानधन एवढं, श्रोते साधारण किती आणि कुठल्या वर्गाचे, मराठीत बोललात तर बरं, ध्वनिमुद्रण करू का. मानधन थोडं असेल तर थोडं आहे असं लिहा. आकडा न सांगता बोलावणं आणि जाताना पाकीट हातात कोंबणं, हे लग्नातल्या आहेरासारखं दिसतं.

आणि पत्र पाठवायचं कुणाला? ज्याचं काम आज चालू आहे त्याला. पीएच.डी. नुकती संपवलेली, हातात ताजी आकडेवारी असलेली पोरं-पोरी तुमच्या मुलांना जे देतील ते समित्यांवर समित्या भूषवणारा देणार नाही. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, पुण्यात अर्थशास्त्राची गोखले संस्था आहे. दोन्हीकडच्या संशोधक विद्यार्थ्यांची यादी संकेतस्थळावर बघा, त्यात मराठवाड्यातली एक-दोन आडनावं हमखास दिसतील. त्यांना घरी यायला निमित्त हवंच असतं.

जवळची माणसं तर आपण विसरूनच जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेती-अर्थशास्त्रज्ञ आहेत. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. छत्रपती संभाजीनगरला वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे, पाण्याचा हिशेब मांडणारी. तुमच्याच गावात अग्रणी बँकेचा (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कर्जवाटपाचा मेळ घालणाऱ्या बँकेचा) जिल्हा व्यवस्थापक बसतो आणि नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेचा जिल्हा विकास व्यवस्थापकही असतो. नाबार्ड दरवर्षी जिल्ह्यासाठी संभाव्य पतपुरवठ्याचा आराखडा काढतं. तो आराखडा हातात घेऊन त्या अधिकाऱ्याला वर्गात बसवा आणि मुलांना विचारू द्या, की गेल्या वर्षी यातलं किती कर्ज खरंच वाटलं गेलं. या माणसाला भाडं लागत नाही, मुक्काम लागत नाही. बाजार समितीच्या सचिवालाही बोलवा. विभागप्रमुख नाक मुरडतील, मुरडू द्या.

आता थोडी युक्ती. तुमच्या विद्यापीठात पीएच.डी.च्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरगावचे परीक्षक येतातच. त्यांचा प्रवासखर्च परीक्षा विभाग देतो. व्हायवाची तारीख ठरतानाच विचारायचं, की एक दिवस आधी येता का. तुम्हाला फक्त जादा मुक्काम आणि मानधन द्यावं लागतं. अभ्यासमंडळाच्या बैठकीला किंवा निवड समितीवर येणाऱ्यांचंही तेच. मात्र एका प्रवासाचं भाडं दोन ठिकाणी लागणार नाही हे टिपणीतच लिहून ठेवा, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद तुमच्या नावाने निघेल. दुसरं, वाटून घेणं. मनमाड-नांदेड रेल्वेमार्गावर किती महाविद्यालयं आहेत! येण्याचं भाडं तुम्ही द्या, परतीचं दुसऱ्या विभागाने द्यावं, संध्याकाळी गावातल्या वाचनालयाची व्याख्यानमाला असेल तर एक मुक्काम त्यांचा. विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी व्याख्यानं ठरवणाऱ्या बहिःशाल शिक्षण मंडळाचं तुमच्याकडे काय चालतं तेही बघा. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. गावोगावच्या व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळींना पाहुणा सांभाळण्याचा आपल्यापेक्षा जास्त सराव आहे, त्यांच्याकडून शिका. फक्त तीन ठिकाणी नेणार असाल तर तसं पाहुण्याला आधी सांगा, घाण्याला जुंपल्यासारखं करू नका.

डिसेंबर-जानेवारीचं कॅलेंडर वेगळं मांडा. परदेशी विद्यापीठांत शिकवणारी आपली मंडळी तेव्हा लग्नकार्यांना, आईवडिलांना भेटायला येतात. विमानभाडं त्यांनी भरलेलंच असतं. पुण्याहून तुमच्यापर्यंतचा प्रवास तेवढा तुमच्याकडे. त्याच दिवसांत शेतावर हुरडा असतो. मी एकदा एका फार मोठ्या माणसाला तीन वर्षं पत्रं लिहिली, ते आले नाहीत. चौथ्या वर्षी पत्रात हुरड्याचा उल्लेख केला. आले. माझ्या आर्जवापेक्षा ज्वारीच्या कणसाचं वजन जास्त निघालं.

बाहेरच्या निधीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण एका व्याख्यानासाठी तो सहसा मिळत नाही. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद परिसंवाद आणि कार्यशाळांना अनुदान देते. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आहे. विज्ञान विभागातल्या तुमच्या मैत्रिणींना सांगा, की देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन-तीन दिवसांच्या व्याख्यान-कार्यशाळा घेतात आणि खर्चाचा मोठा भार उचलतात. परदेशी अध्यापकासाठी केंद्राची ‘ज्ञान’ योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या मूळ नियमांत आठवड्याच्या अभ्यासक्रमाला ८,००० डॉलरपर्यंत आणि दोन आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला १२,००० डॉलरपर्यंत तरतूद होती. प्रस्ताव यजमान विभागाने मांडायचा. यातलं काहीही मागण्याआधी एक विचार करा. अनुदान परिसंवादाला मिळतं म्हणून एका चांगल्या व्याख्यानाचा राष्ट्रीय परिसंवाद करू नका. त्यात शंभर निबंध येतात, सत्तर प्रमाणपत्रांसाठी येतात, आणि ज्यांना ऐकायचं होतं त्यांना बोलायला वीस मिनिटं मिळतात.

मला जास्त भरवसा दत्तनिधीवर आहे. तुमच्या विभागातून शिकून गेलेली माणसं बँकांत, प्रशासनात, शाळांत, शेतीत आहेत. निवृत्त झालेल्या एखाद्या लाडक्या सरांच्या किंवा बाईंच्या नावाने निधी उभा करा. पाच लाख जमले आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३५,००० येतात, म्हणजे तुमच्या आजच्या तरतुदीपेक्षा जास्त. मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुद्दलात घालायचा. हे फार कुणी करत नाही. म्हणून तर चाळीस वर्षांपूर्वी दहा हजारांवर उभ्या राहिलेल्या व्याख्यानमालांचा आज हारांचा खर्चसुद्धा निघत नाही. आणि करारात स्पष्ट लिहायचं, की वक्ता विभाग ठरवेल, देणगीदार नाही.

गोखले संस्थेला सुरुवातीची देणगी देणारे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या नावाचं व्याख्यान तिथे दरवर्षी होऊ लागलं. २९ जानेवारी १९३९ ला ते द्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची त्यांनी तिथे चिरफाड केली, आणि ते भाषण त्याच वर्षी छापून निघालं. आजही ते वाचलं जातं. ही छपाईची सवय उचलण्यासारखी आहे. वर्षातलं एक व्याख्यान लेखी घ्या आणि चाळीस पानांची पुस्तिका काढा. नॅकच्या फायलीत जिओटॅग केलेल्या (जागेची नोंद असलेल्या) वीस फोटोंपेक्षा ती जाड दिसेल, हे विभागप्रमुखांना जरूर सांगा. त्यांचा प्रश्न खरा आहे, फोटो लागतातच. दोन काढा आणि मग कॅमेरा खाली ठेवा.

त्यांच्याशी वाद मात्र घालू नका. यंदाच्या दोन मोठ्या भेटींपैकी एक त्यांच्या पसंतीच्या नावाची ठेवा, एक तुमच्या. दोन्ही झाल्या की आठवड्याने एम.ए.च्या मुलांना एकच प्रश्न लेखी विचारा : पाहुण्यांनी काय सांगितलं? उत्तरं न बोलता त्यांच्या टेबलावर ठेवा. आणि पुढच्या वर्षाची मागणी आत्ताच तयार करा. अर्थसंकल्प मार्चमध्ये अधिसभेत मंजूर होतो, पण विभागांचे आकडे त्याच्या कितीतरी आधी मागवतात, आणि आपल्याकडे ते पत्र आलं की गेल्या वर्षीचाच आकडा उतरवून पाठवायची रीत आहे. दोन दिवसांच्या भेटीचा खरा हिशेब जोडून ५०,००० मागा. चाळीस मिळतील.

– तुमचा, एक निवृत्त विभागप्रमुख

ता. क. अतिथिगृहाची किल्ली आदल्या रात्री पहारेकऱ्याकडे दिली आहे ना, ते स्वतः बघा, आणि गीझर लावून बघा. पहाटे साडेचारला रेल्वेने उतरलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक आमच्या कुलूपबंद अतिथिगृहाच्या पायरीवर सात वाजेपर्यंत शाल गुंडाळून बसले होते. आदल्या वर्षी आम्हीच दिलेली शाल होती ती.